हिरवळीतली हुमणी, आणि तिच्या मागावर जमिनीत शिरणारी गांधीलमाशी

हिरवळीवर घोट्याएवढ्या उंचीवरून काळ्या माश्या घिरट्या घालताना दिसल्या की हात आधी फवाऱ्याच्या बाटलीकडे जातो. माझाही गेला होता. माश्या मेल्या, जिवाला समाधान वाटलं. दोनेक महिन्यांनी त्याच जागेवरचं गवत गोधडी उचलावी तसं अलगद हातात आलं. खाली चंद्रकोरीसारख्या वाकलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या लठ्ठ अळ्या पसरलेल्या होत्या. ही हुमणी. आणि मी मारलेल्या माश्या तिच्याच वासावर आलेल्या होत्या.

या माश्या म्हणजे परोपजीवी गांधीलमाश्या. टिफिया आणि स्कोलिया ही त्यांतली दोन मुख्य नावं. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं जातं. ही माशी बाटलीतून आणून सोडायची वस्तू नाही. ती आपणहून येते, आणि तिच्या पिल्लांना खायला हुमणी असेल तरच राहते. एकही हुमणी नको असलेल्या हिरवळीत ती टिकत नाही. म्हणून या पद्धतीत हुमणी संपवायची नसते. गवताला सोसेल इतकी ठेवायची असते आणि माशीच्या वाटेतून आपण बाजूला व्हायचं असतं. बाजूला होणं हेच खरं कौशल्याचं काम, कारण आपण नेमकी चुकीच्या महिन्यात चुकीची गोष्ट करतो.

गवत हुमणीनेच मरतंय का?

पिवळ्या पडलेल्या गवतामागे हुमणी असेलच असं नाही. पाण्याची कमतरता, बुरशी, कुत्र्याचं मूत्र, हातून जास्त पडलेलं खत, मातीखाली राहिलेले विटांचे तुकडे, सगळ्यांचे डाग लांबून सारखेच दिसतात. फरक मुळांत असतो. दोन्ही मुठींत गवत धरून ओढा. मुळं शाबूत असतील तर पाती तुटतील, पण गवत जागचं हलणार नाही. हुमणीने मुळं खाल्ली असतील तर थरच्या थर वर येईल. पायाखाली जमीन गादीसारखी मऊ लागणं, आणि पक्षी किंवा रात्री हिंडणारे प्राणी हिरवळ उकरू लागणं, याही खुणा.

ओढून पाहिल्यावर मोजणी. सपाट फावड्याने ३० सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद चौकोनाच्या तीन बाजू कापायच्या. चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून गवताचा पापुद्रा मागे उलटायचा. उघडी पडलेली माती आणि पापुद्र्याला चिकटलेली माती, साधारण ५ ते ८ सेंटिमीटर खोलीपर्यंत, गोणपाटावर काढून हाताने चुरडून पाहायची. डागाच्या मधोमध खणू नका. तिथली मुळं संपलेली असतात आणि हुमणी कडेच्या हिरव्या गवताकडे सरकलेली असते. डागाच्या काठावर दोन-तीन चौकोन, चांगल्या दिसणाऱ्या भागात दोन-तीन, एवढं पुरतं. पाहून झालं की माती परत भरून, पापुद्रा पायाने दाबून, त्या जागेला पाणी द्या. दिलं नाही तर त्या चौकोनाचा दोष नंतर हुमणीवर जातो.

अशा एका चौकोनात मध्यम आकाराच्या चार-पाच हुमण्या निघाल्या तर काहीच करायचं कारण नाही. दहाच्या आसपास निघाल्या तर लक्ष ठेवायचं. नियमित पाणी मिळणारं, खोल मुळांचं गवत पंधरासुद्धा सहन करतं, आणि कोरडं, बारीक कापलेलं, आधीच त्रासलेलं गवत सहा-सात हुमण्यांनीही बसतं. आकार जितका मोठा तितकी ही मर्यादा खाली येते. 'मे-जून भुंगेरे' नावाच्या भुंगेऱ्यांच्या थोराड हुमण्या असतील तर चौकोनात तीन ते पाचही पुष्कळ झाल्या.

कोणती हुमणी, हे का पाहायचं?

हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी, पण भुंगेरे अनेक जातींचे, आणि या गांधीलमाश्या खाण्याच्या बाबतीत चोखंदळ. एका जातीच्या हुमणीसाठी जमीन पालथी घालणारी माशी दुसरीला शिवतही नाही.

ओळखायची जागा अळीच्या मागच्या टोकाला, पोटाच्या बाजूला. तिथले आखूड राठ केस दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहायचे. जपानी भुंगेऱ्याच्या अळीत ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे लहानशा कोनात मांडलेले दिसतात. मे-जून भुंगेऱ्यांच्या अळीत झिपसारख्या दोन समांतर रांगा असतात. मास्क्ड चेफर नावाच्या भुंगेऱ्याच्या अळीत काहीच मांडणी नसते, केस नुसते विखुरलेले. हिरव्या जून भुंगेऱ्याच्या अळीला भिंगही लागत नाही. फरशीवर ठेवली की ती उताणी होते आणि पाय हवेत ठेवून पाठीवर सरपटत जाते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती मरायला टेकली आहे असं वाटतं. तिची ती नेहमीची चाल आहे.

उत्तर अमेरिकेत या जोड्या चांगल्या अभ्यासलेल्या आहेत. टिफिया व्हर्नालिस जपानी भुंगेऱ्याच्या हुमणीमागे जाते, टिफिया पिगिडिॲलिस मास्क्ड चेफरच्या, तर निळसर पंखांची स्कोलिया डुबिया मुख्यतः हिरव्या जून भुंगेऱ्याच्या. जगाच्या इतर भागांत भुंगेरे वेगळे, म्हणून माश्याही वेगळ्या. पण दोन्ही घराणी जवळजवळ सगळ्या उबदार आणि समशीतोष्ण प्रदेशांत आहेत. तुमच्या हिरवळीतल्या माशीचं शास्त्रीय नाव कळलं नाही तरी चालेल. ती कोणत्या महिन्यात उडते हे मात्र कळायला हवं.

जमिनीखाली काय घडतं

मादी टिफिया जमिनीत शिरते. बीळ करून त्यात राहत नाही. ती मातीतून वाट काढत अंधारात शिकार शोधते. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की या माद्या हुमणीच्या अंगाच्या आणि विष्ठेच्या वासाचा माग काढत जातात. हुमणी सरपटत गेलेल्या वाटेवर वास उरतो आणि माशी तो धरून मागे जाते.

हुमणी सापडली की तिच्याभोवती वेटोळं घालून माशी नांगी मारते. टिफियाच्या विषाने हुमणी लुळी पडते ती अर्ध्या-पाऊण तासापुरती. तेवढ्या वेळात माशी तिच्या अंगावरची एक ठरलेली वळी जबड्याने चोळून-खरवडून तयार करते आणि तिथे एकच अंडं चिकटवते. ही जागा जातीगणिक पक्की असते, कुणाची पोटाकडे, कुणाची पाठीकडे. मग माशी निघून जाते. हुमणी शुद्धीवर येते आणि काहीच झालं नाही अशा थाटात पुन्हा मुळं खाऊ लागते.

अंड्यातून आठवडाभरात निघालेली अळी हुमणीच्या आत शिरत नाही. बाहेर चिकटून राहून ती कातडीला बारीक छिद्र पाडते आणि रस शोषते. साधारण तीन आठवडे हे चालतं. अळी कात टाकत मोठी होते, हुमणी मंदावत जाते, तरी जिवंत असते. अखेरच्या टप्प्यात अळी तिला पुरती खाते. डोक्याचं टणक कवच आणि पाय तेवढे उरतात. त्यानंतर अळी मातीतच तपकिरी, लोकरीसारख्या लवेचा, पाणी आत न शिरणारा कोष विणते. टिफिया व्हर्नालिसमध्ये शरद ऋतू यायच्या आत कोषात पूर्ण माशी तयार झालेली असते, पण बाहेर पडत नाही. हिवाळा ती कोषातच काढते आणि वसंतात वर येते. वर्षाला एकच पिढी.

याचा अर्थ असा की माशीचं आयुष्य बहुतेक सगळं तुमच्या गवताखाली जातं. उडताना दिसते ती चार-सहा आठवडे. त्या दिवसांत मादी दिवसाला एखाद-दोन अंडी घालते. म्हणून या उपायात घाई नाही, आणि म्हणूनच त्या चार-सहा आठवड्यांत झालेली चूक पुढच्या वर्षी भोवते.

स्कोलियाची रीत जरा निराळी. तिच्या नांगीने हुमणी बहुधा कायमची लुळी होते. माशी तिच्याभोवती मातीची ओबडधोबड खोली करते आणि पोटावर अंडं उभं चिकटवते. स्कोलिया डुबियाची मादी पुष्कळदा अंडं न घालताही एकामागून एक हुमण्यांना नांगी मारत जाते, आणि त्यांतल्या फारच थोड्या सावरतात. त्यामुळे मोजणीत अळी चिकटलेली दिसत नाही तरी तिने काम केलेलं असतं.

ही माशी ती नव्हे

आपल्या भाषेत 'गांधीलमाशी' म्हटलं की वळचणीला कागदी पोळं आणि सुजलेला गाल आठवतो. पोळ्यातल्या गांधीलमाश्या घर राखतात म्हणून चावतात. टिफिया-स्कोलियांना राखायला घरच नसतं, प्रत्येक मादी एकटी. हातात चेपली किंवा अनवाणी पायाखाली आली तरच ती डंख मारेल. नरांच्या शेपटाला वर वळलेला आकडा असतो आणि तो भीती घालतो, पण नराला नांगी नसते. तरीही माश्या खाली उडत असतील त्या आठवड्यांत लहान मुलांना हिरवळीवर चपला घालायला सांगा, आणि ज्यांना डंखाची ॲलर्जी आहे त्यांनी लांबच राहावं.

टिफिया लहान असते, मादी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. चकचकीत काळी, पंख फुटलेल्या मोठ्या मुंगीसारखी. तिच्या मिश्या आखूड आणि वळलेल्या, नर सडपातळ आणि सरळ लांब मिश्यांचा. स्कोलिया बरीच मोठी आणि केसाळ. तिच्या पंखांच्या टोकांना बारीक सुरकुत्या असतात आणि पुष्कळ जातींच्या पोटावर पिवळे, पांढरे किंवा तांबूस पट्टे-ठिपके. स्कोलिया डुबियाचं पोट मागे तांबूस आणि त्यावर दोन पिवळे ठिपके.

उडण्याची ढब सगळ्यात उपयोगी. या माश्या गवताच्या अगदी वरून, इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या फेऱ्या मारत उडतात. नर मादीच्या शोधात असतात, माद्या हुमणीच्या. ऊन पडलेल्या सकाळी अर्धा तास बसून राहिलात तर एखादी मादी गवतात उतरून नाहीशी होताना दिसेल. टिफिया जमिनीवर मातीचा ढीग सोडत नाही. स्कोलिया थोडी माती उकरते. गोल भोक आणि बाजूला वाळूचा ढीग दिसला तर ती बहुधा दुसरीच खणकी माशी, तिला हुमणीशी देणंघेणं नाही. आणि एकाच भोकातून अनेक माश्या सतत ये-जा करताना दिसल्या तर ते जमिनीतलं पोळं आहे. तिथे हा लेख उपयोगाचा नाही. लांब व्हा आणि जाणकाराला बोलवा.

माशी उडताना दिसली नाही तरी पुरावा मातीत सापडतो. मोजणीच्या चौकोनातली प्रत्येक हुमणी हातावर घेऊन उलटसुलट पाहा. अंगाच्या वळीत तांदळाच्या दाण्याएवढं किंवा त्याहून लहान, मळकट पांढरं काही चिकटलेलं असेल तर ती माशीची अळी. तो दाणा ओढून काढू नका. ती हुमणी होती त्याच खोलीवर परत ठेवा. मातीत लवेचे तपकिरी कोष सापडले तर तेही तसेच. पुष्कळ जण हे कोष कचरा किंवा किडीची अंडी समजून फेकतात.

माशीला वर खायला काय?

हुमणी ही पिल्लांची शिदोरी. प्रौढ माशी जगते गोडावर: फुलांतला मध, आणि मावा किडीने पानांवर सोडलेला चिकट गोड स्राव. तिची जीभ आखूड, त्यामुळे नळीसारख्या खोल फुलांचा तिला उपयोग नाही. उघडी, उथळ, बारीक फुलं हवीत. गाजर, बडीशेप, शेपू यांच्या कुळातली छत्रीसारखी फुलं, फुलावर आलेला पुदिना, सॉलिडॅगो, ही चांगली. टिफिया व्हर्नालिस पिओनीच्या कळ्यांवर येते, कारण त्या कळ्यांच्या बाहेरच गोड थेंब सुटतात. ट्यूलिप पॉप्लर, मॅपल, चेरी यांच्या पानांवरच्या स्रावावरही ती येते.

फुलं कुठेही लावून चालत नाही. ती हिरवळीच्या काठाला, उन्हात हवीत, आणि माशी उडते त्याच आठवड्यांत फुललेली हवीत. माशी एप्रिल-मेमध्ये उडत असेल आणि ताटवा ऑगस्टमध्ये फुलत असेल तर तो डोळ्यांना सुख देईल, माशीला नाही. आधी एक हंगाम माशी केव्हा दिसते ते लिहून ठेवा, मग झाडं निवडा. लोक हे उलट करतात, मीही केलं.

जवळच्या झाडांवरचा मावा दिसला की फवारणी करायची सवयही या आठवड्यांपुरती सोडा. थोडा मावा असलेलं झाड म्हणजे या माशीची खाणावळ.

माश्या आहेत की नाहीत याची खात्री करायला साखरेचं पाणी वापरता येतं. १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम साखर विरघळवा, हिरवळीच्या शेजारच्या झुडपांच्या खालच्या पानांवर ऊन असताना बारीक तुषार मारा, आणि तासाभराने पाहा. आठवड्यातून एकदा, तेवढंच. रोज मारलंत तर मुंग्यांची जत्रा भरेल आणि पानांवर काळी बुरशी धरेल.

फवारणीचं वेळापत्रक

हुमणीसाठी मातीत देण्याची बरीच औषधं अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या लहान अळ्यांवर चालतात. वसंतातल्या मोठ्या हुमणीवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. तरी लोक वसंतात मारतात, कारण डाग तेव्हा नजरेत भरतात. नेमकी हीच टिफिया व्हर्नालिसची वेळ. केंटकीतल्याच अभ्यासात वसंतात इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक दिलेल्या जमिनीत या माशीकडून होणारं परजीवीकरण कमी झालेलं आढळलं. हुमणी मरत नाही आणि माशीचं काम मोडतं, असा दुहेरी तोटा.

त्यामुळे माश्या उडत असताना हिरवळीवर काहीही मारू नका, आणि कोषांतून निघायच्या महिनाभर आधीही नको. औषध द्यावंच लागलं तर भुंगेरे अंडी घालून झाल्यावर, लहान अळ्यांच्या वेळी द्या. फक्त जिथे मोजणी जास्त आली त्या तुकड्यात द्या, आणि लेबलवरच्या मात्रेबाहेर जाऊ नका. हिरवळीत तिपानी किंवा इतर तण फुलावर असेल तर आधी कापून फुलं काढा. नाहीतर माशीबरोबर मधमाश्याही जातात. शक्य असेल तर हिरवळीचा निदान एक तृतीयांश भाग कधीच फवारू नका. पुढच्या वर्षीच्या माश्या तिथूनच येतील.

तुमच्याकडची माशी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात उडणारी असेल, उदाहरणार्थ टिफिया पॉपिलियाव्होरा, टिफिया पिगिडिॲलिस किंवा स्कोलिया डुबिया, तर हे गणित अवघड होतं. लहान हुमणीचा आणि माशीचा हंगाम एकमेकांवर येतो. तिथे मी मातीतल्या औषधाच्या वाटेला जाणार नाही. पाणी आणि कापणी सुधारून पाहीन.

पाणी, कापणी, दिवे

भुंगेऱ्याची अंडी मातीतलं पाणी शोषून फुगतात, आणि कोरड्या मातीत बरीच मरतात. म्हणून भुंगेरे अंडी घालत असतात ते दोन-तीन आठवडे पाण्याचा हात आखडता घ्या. गवत थोडं मलूल दिसेल, पण मरणार नाही. अंडी घालायला माद्या ओलसर, बुटकी हिरवळ शोधतात, आणि आसपासच्या सगळ्या जमिनी सुकलेल्या असताना एकटी तुमचीच हिरवीगार असेल तर तुम्ही त्यांना आमंत्रण दिलेलं असतं. जिथे पावसाचा हंगाम ठरलेला असतो तिथे पहिल्या चांगल्या सरींनंतरच भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात. तिथे पाणी आपल्या हातात नसतं, पण सगळे भुंगेरे एकाच वेळी निघत असल्यामुळे झाडांवरून झटकून साबणाच्या पाण्यात टाकणं सोपं जातं.

त्यानंतर, अळ्या मुळं खाऊ लागल्या की, उलट करायचं. खोलवर पाणी द्या, म्हणजे गवत तुटलेली मुळं पुन्हा धरेल. रुंद पात्याचं, थंड हवामानातलं गवत ७ ते ९ सेंटिमीटर उंच ठेवलं तर मुळंही खोल जातात. बारीक पात्याचं, पसरणारं गवत इतकं उंच ठेवता येत नाही. त्यासाठी कापणी यंत्र नेहमीपेक्षा एक घर वर ठेवलं तरी पुरे.

गवताखाली वाळक्या काड्यांचा जाड थर साचला असेल तर तो विंचरून काढा. माशीला त्यातून खाली शिरावं लागतं. भुंगेरे निघण्याच्या दिवसांत रात्री हिरवळीवरचे झगझगीत दिवे बंद ठेवा, कारण पुष्कळ जाती उजेडावर येतात आणि जिथे उतरतात तिथेच अंडी घालतात. जपानी भुंगेरा मात्र दिवसा उडतो, त्याला दिव्याचं सोयरसुतक नाही. वास लावून भुंगेरे पकडणारे सापळे हिरवळीजवळ लावू नका. सापळ्यात जेवढे पडतात त्याहून जास्त ते परिसरातून ओढून आणतात.

माशी पुरी पडत नसेल तर

चौकोनात वीस-पंचवीस हुमण्या निघाल्या तर माशीची वाट पाहत बसू नका. अशा वेळी मी सूत्रकृमींना, म्हणजे मातीतल्या किडींना मारणाऱ्या सूक्ष्म कृमींना, हात घालतो. हेटेरोऱ्हॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा ही जात हुमणीवर चांगली चालते. बाजारात सहज मिळणारी स्टाइनरनेमा कार्पोकॅप्सी पृष्ठभागावरच्या अळ्यांसाठी आहे, हुमणीसाठी कमी उपयोगाची. पाकिटावर नाव वाचल्याशिवाय घेऊ नका.

सूत्रकृमी जिवंत असतात, आणि बहुतेक वेळा ते निकामी ठरतात ते आपल्या हाताळणीमुळे. संध्याकाळी द्या, कारण ऊन त्यांना मारतं. माती १५ अंश सेल्सियसच्या वर हवी. आधी जमीन ओली करा. फवारणी पंपातली बारीक जाळी काढून ठेवा, नाहीतर ते तिथेच अडकतात. दिल्यावर लगेच पुन्हा पाणी द्या आणि दोन आठवडे माती सुकू देऊ नका. मेलेली हुमणी विटकरी-तांबूस दिसली की समजा, लागू पडलं.

सूत्रकृमी हुमणीला चिकटलेल्या माशीच्या अळीला वगळत नाहीत. हुमणी मेली की तीही गेली. म्हणून लहान हुमणीच्या हंगामात, आणि फक्त वाईट तुकड्यांवर. बाकीची जमीन माशीची.

माश्या आणून सोडता येतील का?

हा प्रश्न हमखास येतो. सरकारांनी ते मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. जपानी भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला १९१६ मध्ये, न्यू जर्सीतल्या रिव्हरटनजवळच्या एका रोपवाटिकेत. १९२० च्या दशकात अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ त्याचे शत्रू शोधत जपान, कोरिया आणि चीनमध्ये फिरले आणि तिथून टिफियाच्या जाती आणून सोडल्या. टिफिया व्हर्नालिस आणि टिफिया पॉपिलियाव्होरा टिकल्या. त्याआधी, १९१५-१६ च्या सुमारास, हवाईतल्या उसाच्या मळ्यांत मुळं खाणाऱ्या ॲनोमाला भुंगेऱ्यावर फिलिपिन्समधून आणलेली स्कोलियाच्या घराण्यातली माशी सोडली गेली होती, आणि ती चांगलीच लागू पडली.

घरच्या हिरवळीसाठी मात्र हा मार्ग नाही. या माश्यांना वाढवायचं तर जिवंत हुमणी एकेक करून पुरवावी लागते, त्यामुळे त्या पिशवीतून विकत मिळत नाहीत. एका देशातून दुसऱ्या देशात परवान्याशिवाय कीटक नेणं बहुतेक ठिकाणी कायद्याने बंद आहे, आणि ते योग्यच आहे. जवळच्या हिरवळीतून कोष उकरून आणायचा मोह होतो. तोही टाळा. माशी उडू शकते. तुमच्याकडे हुमणी आणि गोड असेल तर ती येईल.

पहिल्या वर्षी फरक दिसत नाही. फवारणी थांबवली, फुलं लावली, आणि तरी डाग तसेच, की धीर सुटतो. एका हंगामातल्या माश्यांची संख्या आदल्या हंगामातल्या अंड्यांवर ठरते, त्यामुळे तुमचे बदल जमिनीवर दिसायला दुसरं किंवा तिसरं वर्ष उजाडतं. तोवर नुसत्या डागांकडे पाहून काही कळत नाही. वर्षातून दोनदा, त्याच जागांवर, तेवढ्याच आकाराचे चौकोन कापा आणि वहीत चारच रकाने ठेवा: एकूण हुमण्या, त्यांतल्या दाणा चिकटलेल्या, सापडलेले कोष, आणि त्या हंगामात पहिली माशी दिसल्याची तारीख. दुसऱ्या रकान्यात काही वर्षं शून्यच आलं तर फुलांची वेळ किंवा फवारणीची वेळ कुठेतरी चुकते आहे. तारखेच्या रकान्याशी ताडून पाहा.

आणि चौकोन बंद करताना कोष उघड्यावर राहिला नाही ना, हे पाहून मगच पापुद्रा दाबा.